उशिराची लाख

इंदरलाल बिसेनांची नजर जाऊन तीन वर्षं झाली होती. पण सून पळसावर चढली की खाली बसून तेच जास्त चढायचे.

“पिवळं किती आलं?”

“अर्ध्याच्या जरा खाली हाये, मामाजी.”

“साऱ्या काड्यांवर का एकाच?”

“साऱ्याच.”

“नीट पाय. दोन दिवस आधी कापली गेली तं पिल्लं आतच मरतीन. दोन दिवस उशीर झाला तं इथंच निघून बसतीन. मंग वाटशीन काय, फुंकी?”

उर्वशी शिडीच्या सातव्या दांडीवर उभी होती. एका हातानं फांदी धरलेली, दुसऱ्या हातानं मानेवरचे मुंगळे झटकणं चाललेलं. हेच प्रश्न ती गेले आठ दिवस ऐकत होती. सासऱ्यांवर तिचा राग नव्हता, पण पायाखाली दांडी करकरायची आणि मनात पाळीच्या पलीकडचे पऱ्हे वाढत जायचे. तलावाच्या पाळीवर हे पाच पळस होते, आणि पाळ उतरली की त्यांच्या चार एकरांच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. एका कोपऱ्यात भाताच्या रोपांचा, म्हणजे पऱ्ह्यांचा तुकडा. आषाढ अर्धा सरला होता. पऱ्हे छत्तीस दिवसांचे झाले होते, गुडघ्याला लागत होते. पऱ्हे म्हातारे झाले की रोवून फुटवे येत नाहीत, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

लाखेचा किडा जन्मात एकदाच चालतो. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढं तांबडं पिल्लू आईच्या कवचातून निघतं, कोवळी फांदी गाठतं आणि सोंड रुतवून बसतं ते कायमचं. झाडाचा रस प्यायचा आणि अंगावर लाख चढवत राहायचं, एवढाच त्याचा संसार. पिल्लं निघायच्या आठवडाभर आधी कवचावर पिवळा डाग दिसतो. तो अर्ध्यावर आला की काड्या कापायच्या, गठ्ठे करून दुसऱ्या झाडांना बांधायचे. हे लाखेचं बियाणं. तिकडे त्याला बिहन म्हणतात. पिल्लं निघून गेली की गठ्ठ्यात रिकामी काडी उरते, ती फुंकी. पंधराव्या दिवशी ती उतरवून जाळायची.

आणि या किड्याला एक वैरीण आहे. चिलटाहून लहान काळी माशी. ती लाखेच्या किड्याच्या अंगात अंडं घालते. आतली अळी त्याला आतून खाते, आणि खाऊन झालं की सुईनं टोचल्यासारखं गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. ती बाहेर पडते तीही बरोब्बर मुहूर्त साधून, नवी पिल्लं फांदीवर बसून कोवळी असतात तेव्हा. वऱ्हाड दाराशी आलं की पाहुणा हजर, तसं.

अकरा वर्षांपूर्वी इंदरलालजींनी पाहिलं होतं की या पाळीवरच्या एका फांदीची लाख गावाच्या लाखेपेक्षा बारा दिवस उशिरा सुटते. गावातल्या माश्या तोवर उडून, आपापलं काम आटोपून मरून गेलेल्या असतात. उशिराच्या पिल्लांच्या वाट्याला त्या येतच नाहीत. एवढ्या एका गोष्टीवर म्हाताऱ्यानं अकरा वर्षं घालवली. उशिराच्या फांदीचं बिहन उशिराच्याच झाडाला बांधायचं, त्यातलंही जे सगळ्यांत उशिरा सुटेल ते पुढच्या साली ठेवायचं. पाच पळस असे तयार झाले. तालुक्याच्या गोरेगावच्या बाजारात लोक इंदरलालजींना ओळखायचे ते या लाखेवरून. घरात कोणी तांब्याभर पाणी वेळेवर दिलं नाही तर चालायचं, पण उशिराच्या लाखेला नुसती लाख म्हटलेलं त्यांना चालत नसे.

बिहन विकायचं नाही, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. एक गठ्ठा न्यायचा आणि त्यापायी बिसेनांच्या बांधीत एक दिवस रोवणी, म्हणजे भाताची लावणी, करायची. शिवाय दिवाळीला पीक निघालं की त्यातला एक गठ्ठा परत आणून द्यायचा, आणि तो आणणाऱ्याच्या देखत बिसेनांनी आपल्या पळसाला बांधायचा. परत आलेला गठ्ठा बांधला नाही तर तो पानावरून उठवल्याइतका अपमान.

यंदा मे महिन्यात ऊन असं पडलं की गावातली सगळी लाख फांदीवरच वितळून मेली. पाळीवरचे पाच पळस तेवढे तलावाच्या ओलीनं वाचले. बावीस घरांनी गठ्ठा मागितला होता. बुधवार ठरला होता. सकाळी बावीस बाया रोवणीला येणार, सांजेला गठ्ठे घेऊन जाणार. धनेंद्रनं, म्हणजे उर्वशीच्या नवऱ्यानं, ट्रॅक्टरनं चिखलणी करून ठेवली होती. दुसरे मजूर मिळण्यासारखे नव्हतेच. तिकडे गावातला मोठा शेतकरी शालीकराम याची वीस एकर रोवणी चालू होती आणि तो रोख देऊन बाया ओढत होता.

रविवारी उर्वशीनं दहा काड्या कापून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातल्या आणि तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधलं. हीसुद्धा म्हाताऱ्याचीच शिस्त. वाटायच्या आधी तीन दिवस बरणीत ठेवायचं, काय निघतं ते बघायचं. सासऱ्यांचे डोळे गेल्यापासून बघायचं काम तिचं. पहिल्या साली एक माशी निघाली होती. दुसऱ्या साली चार की पाच. गेल्या साली किती निघाल्या ते तिनं मोजलं नव्हतं, कारण तेव्हा लेकीला, रिंकीला, ताप होता.

सोमवारी सकाळी चूल पेटवायच्या आधी तिनं बरणी खिडकीतून उचलली. फडक्याच्या आतल्या बाजूला कोणी मोहरी चिकटवावी तसं काळं दिसत होतं. तिनं बोटानं टिचकी मारली. मोहरी उडाली.

तिनं बरणी पदराखाली धरून गोठ्यात नेली. एक काडी बाहेर काढून नखानं कवचं फोडली. दहातली सहा पोकळ होती, प्रत्येकावर एक गोल भोक. हातच्या काकणाला आरसा कशाला? दुसरी काडी फोडली, तिसरी फोडली. तेच. अजून पिल्लं सुटायला आठवडा होता, आणि माश्या निघायला लागल्या होत्या. गावाच्या माश्यांच्या दिवसांत नव्हे, तर या उशिराच्या लाखेच्या दिवसांत.

धनेंद्र ट्रॅक्टरच्या चाकातला चिखल काढत होता. तिनं त्याला बरणी दाखवली. त्यानं पाहिली आणि परत तिच्या हातात दिली.

“दरसाली निघतात थोड्याबहुत.”

“ह्या थोड्या हायेत का? गठ्ठा बांधला की पिल्लांच्या आधी ह्याच फांदीवर जाऊन बसतीन. कोनाच्या घरी मूठभरबी लाख होनार नाई.”

“मंग काय करतेस? बुधवारी बाया येऊन राहिल्या.”

“त्याईले सांगा लागते.”

“सांग. अन् मंग पऱ्हे खाय.” त्यानं पहार खाली ठेवली. “उर्वशी, आजची तारीख पाय. बुधवार गेला तं रोवना नाई. रोवना नाई तं सालभर तांदूर इकत आन. माशी का आपन पाळली? रोवना होऊन जाऊ दे, मंग सांगजो.”

“काम करून घेऊन मंग सांगू?”

“मंग नोको सांगू. लाख तं कोनाचीबी बुडते. ऊन होते, पानी होते, दहा कारनं असतात.”

माणूस वाईट नव्हता. चार दिवस चिखलात ट्रॅक्टर फिरवून त्याच्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या आणि तो टाचांवर चालत होता. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्यालाही कळत होतं, म्हणून तर तो तिच्याकडे न बघता बोलत होता.

दिवसभर ती पऱ्हे उपटत होती. वाकून मूठ धरायची, ओढायची, मुळाचा चिखल पायावर आपटून झाडायचा, जुडी बांधायची. हात आपसूक चालतो आणि डोकं मोकळं राहतं, असं हे काम आहे. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. पाच झाडं गावापासून वेगळी ठेवली, कधी बाहेरचं बिहन बांधलं नाही, मग माशी आली कुठून? आणि ती इतकी वेळेवर कशी?

दुपारी पाणी प्यायला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसली तेव्हा तिला दिवाळी आठवली. कुंकू लावून, पाटावर ठेवून आणलेले गठ्ठे. तिनं स्वतः शिडीवर चढून बांधलेले चौदा गठ्ठे, खाली बाया मान वर करून बघत असताना. बाहेरचं बिहन बांधलं नाही म्हणतो आपण, आणि दर दिवाळीला गावभर फिरून आलेलं बांधतो.

पाण्याचा तांब्या तिच्या हातात तसाच राहिला.

मंगळवारी सकाळी सासरे ओसरीवर चहा बशीत ओतून पीत होते. उर्वशी समोर बसली. धनेंद्र आत होता, पण तो ऐकतोय हे तिला माहीत होतं.

“मामाजी, बरनीत माशी निघाली.”

“निघते एखादी.”

“एखादी नाई. दहात सहा भोकं हायेत.”

म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली. “तू पाळीच्या टोकाच्या झाडाच्या काड्या कापल्या असशीन.”

“नाई. मधल्या झाडाच्या हायेत.”

“मंग मिसळल्या. हात धुतला होता का? कात्री कोनती घेतली होती?”

“मामाजी, ऐकून तं घ्या. दिवाळीले गठ्ठे परत येतात ना, त्याच्यासंग गावची माशीबी येते. ज्या लवकर निघतात त्याईले आपल्या झाडावर काही भेटत नाई, त्या मरतात. पन त्याच्यात एखादी उशिरा निघनारी असते. तिले आपली लाख भेटते. ती जगते. पुढच्या साली तिचीच पोरं. असे अकरा साल झाले.”

“म्हंजे?”

“म्हंजे तुमी लाख निवडत गेले, तशी माशीबी निवडली गेली. आपल्याच झाडावर, आपल्याच हातानं.”

म्हातारा उठून उभा राहिला. उभं राहताना त्याचा पाय बशीवर पडला. “माह्या बापाची रीत खराब, असं म्हनतेस तू. इथं येऊन बारा साल नाई झाले अन् माले लाख शिकवतेस. डोरे गेले माहे, अक्कल नाई गेली. धनेंद्र, तुह्या बायकोले सांग, झाडावर चढते म्हनून झाडाची मालकीन नाई झाली.”

समोरच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली होती. उर्वशीनं खाली बघत बशीचे तुकडे गोळा केले. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं खांद्याला पुसलं. मग तिनं एक काडी म्हाताऱ्याच्या हातात दिली.

“डोरे नाई, पन बोटं हायेत ना तुमची.”

इंदरलालजींनी अंगठा काडीवरून फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. परत उलटा फिरवला. आणि मग काडी खाली ठेवून तो हात त्यांनी काखेत घातला. थंडी वाजल्यावर घालतात तसा. आषाढात.

बुधवारी बावीस बाया आल्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. पुढे सुलोचनाबाई. पन्नाशीची, काटकुळी, रोवणीत तिच्याइतका सरळ हात गावात नाही. गेल्या साली तिची लाख पार बुडाली होती आणि इंदरलालजींनी बोरिंगवर पाणी भरताना चारचौघींत तिला सुनावलं होतं की फुंकी वेळेवर उतरवली नाहीस, आळशी बाईच्या झाडाला लाख बसत नाही. ती भरलेली घागर उचलून घरी गेली होती. यंदा पुन्हा गठ्ठ्यासाठी आली होती, कारण दुसरीकडे लाखच नव्हती.

“चाल वं उर्वशी, ओरीत ये,” ती म्हणाली.

ओळ लागली. बावीस पाठी वाकल्या. डाव्या हातात जुडी, उजव्या हातानं तीन-चार रोपं सोडवायची, चिखलात अंगठ्यानं रोवायची, मागे सरकायचं. झिमझिम सुरू होती. बिरसीच्या विमानतळाकडचं शिकाऊ विमान ढगाखालून घरघरत गेलं, कोणी वर पाहिलं नाही. पऱ्हे लांब झाले होते, रोवले की आडवे पडत होते. सुलोचनाबाईनं न विचारता कमरेच्या विळ्यानं जुड्यांचे शेंडे छाटायला सुरुवात केली आणि बाकीच्यांना तसंच करायला सांगितलं. दुसऱ्याच्या पिकाची अशी काळजी ती घेत होती, आणि उर्वशीला तिच्या शेजारी वाकून राहणं जड जात होतं. तिची बोटं चिखलात जायची आणि तिथंच थांबायची.

“आज का हात चालून नाई राहिला तुहा?” सुलोचनाबाईनं विचारलं.

“चालते ना.”

दुपारपर्यंत दोन एकर झालं. धनेंद्र दर अर्ध्या तासानं जुड्यांची कावड घेऊन यायचा आणि उर्वशीच्या तोंडाकडे पाहायचा. तिच्या ओठांवर काय आहे ते त्याला दिसत होतं. एकदा तो तिच्याजवळून जाताना हळूच म्हणाला, “सांजपर्यंत.” फक्त सांजपर्यंत दम धर. दोन एकर राहिलं आहे.

जेवणाची सुट्टी पळसांखाली झाली. भात, लाखोरी डाळीचं वरण, अंबाडीची भाजी. इंदरलालजी काठी टेकत पाळीवर आले होते. गठ्ठे वाटताना ते दरसाली हजर असत. सुलोचनाबाईनं एक घास घेऊन वर झाडाकडे पाहिलं. “मी यंदा तिन्ही झाडाईले मोठ्या पोराकून शिडी लावून ठेवली हाये. पंधराव्या दिवशी फुंकी उतरवतो म्हंजे उतरवतोच. मंग पाहू बाबूजी काय म्हनतात.”

दोघीतिघी हसल्या. उर्वशीनं ताटली खाली ठेवली.

“सुलोचनाबाई, बिहन खराब हाये.”

हसणं एकदम थांबलं नाही, हळूहळू थांबलं.

“यंदाच्या लाखेत माशी हाये,” उर्वशी म्हणाली. “परवा बरनीत पाहिलं मी. दहात सहा. गठ्ठा बांधलात तं काही होनार नाई, अन् माशी तुमच्या झाडाईवर जाईन. सोमवारीच सांगा लागत होतं. नाई सांगितलं.”

“काऊन नाई सांगितलं?” मागून कोणीतरी म्हणालं.

“रोवना राहिला असता.”

तिनं लपवलं नाही हे खरं, पण त्यानं कोणाला बरं वाटलं नाही. अर्ध्या दिवसाचा चिखल सगळ्यांच्या पोटऱ्यांवर वाळत होता. एका बाईनं ताटलीतला भात तसाच गवतावर उपडा केला. धनेंद्र कावड खांद्यावर घेऊन उभा होता, त्यानं ती खाली टेकवली.

सुलोचनाबाई उर्वशीकडे बघत नव्हती. ती इंदरलालजींकडे बघत होती. “बाबूजी, उशिराच्या लाखेले माशी लागत नाई, असं तुमी म्हनत होते.”

म्हाताऱ्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

“बाबूजी, मी तुमाले विचारून राहिली.”

“लागत नोती,” इंदरलालजी म्हणाले.

“कवापासून लागून राहिली?”

पळसाच्या पानांवरून थेंब टपटपत होते. उर्वशीला वाटलं सासरे आता तिच्यावर उलटणार, कात्री न धुतल्याचं काढणार, आणि तिनं मान खाली घालून तयारी केली.

“मागच्या सालापासून,” म्हातारा म्हणाला. “काड्या हातात घेतल्या तवाच अंगठ्याले भोकं लागली होती. वाटलं, एखाद्या साली होते असं. अकरा साल केलं होतं मी.”

“म्हंजे मागच्या साली माह्या झाडाले तुमचीच माशी होती.”

“हो.”

“अन् तरी बोरिंगवर माले आळशी म्हनलं.”

सुलोचनाबाई उठली. तलावाच्या पाण्यात उतरून तिनं पाय धुतले, आधी एक, मग दुसरा, टाचांच्या भेगांतला चिखल काढून. बाकीच्या बाया तिच्या मागे उतरल्या. शालीकरामचा माणूस सकाळपासून पलीकडच्या धुऱ्यावर घुटमळत होता. त्याला हाक मारायचीही गरज पडली नाही. एकेक करून बावीस खोळी पाळीवरून पलीकडे गेल्या. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर उर्वशीला सोपं गेलं असतं.

धनेंद्र तिला म्हणाला, “झालं समाधान?” आणि चिखलात उतरला.

दोघांनी रोवायला घेतलं. दोन माणसांनी दोन एकर म्हणजे समुद्रातून तांब्यानं पाणी काढणं. धनेंद्रला रोवणीची सवय नव्हती, त्याचे पऱ्हे पाण्यावर तरंगून यायचे आणि तो ते परत दाबायचा. तासाभरानं चिखलात तिसरे पाय वाजले. सासरे काठी धुऱ्यावर ठेवून, धोतर वर बांधून उतरले होते. त्यांनी हात पुढे केला. उर्वशीनं त्या हातात एक जुडी दिली. तिघंही दिवस कलेपर्यंत रोवत राहिले. दोन बांध्या झाल्या. उपटून ठेवलेल्या पन्नासेक जुड्या पाण्यात उभ्या होत्या आणि त्यांची टोकं पिवळी पडायला लागली होती.

उजेड होता तोवर म्हातारा म्हणाला, “आता कापून टाक.”

“काय?”

“पाचही झाडं. साऱ्या काड्या.”

तिनं कापल्या. धनेंद्रनं खाली गोळा केल्या. म्हातारा पाळीवर फतकल मारून बसला आणि एकेक काडी अंगठ्यावरून फिरवायला लागला. भोक लागलं की डावीकडे, नाही लागलं की उजवीकडे. डावीकडचा ढीग गुडघ्याएवढा झाला. उजवीकडे मूठभर.

“मी तुले ओसरीवर बोललो ते चुकलं,” ते काड्या चाळता चाळताच म्हणाले. “तू म्हनलं ते माले मागच्या सालीच समजलं होतं. कसं झालं ते नोतं समजलं. ते तू सांगितलं.”

उर्वशी शिडीवरून उतरली. “मंग आता काय करायचं?”

“आता उलटं जाऊ. गावाच्या लाखेपेक्षा आधी सुटनारी पाहू. असते एखादी फांदी.”

“तिच्यामागं बी येईल ना माशी.”

“येईल. पन दहा साल लागतात तिले.” म्हाताऱ्यानं अजून एक काडी डावीकडे टाकली. “तेवढ्यात रिंकीचं लगन होऊन जाते.”

धनेंद्रला हसू आलं आणि ते त्यानं दाबलं. मग त्यानं डाव्या ढिगावर डिझेल ओतून काडी ओढली. ओली लाख आधी फसफसली, मग पेटली. तिचा गोड जळका वास पाळीवर पसरला. म्हातारा आगीकडे तोंड करून बसून राहिला. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. अकरा वर्षं माणूस पोरासारखी एखादी गोष्ट वाढवतो, त्याला रडू येणारच.

गुरुवारी उजाडताच उर्वशी पाळ चढली तेव्हा खालच्या बांधीत सात बाया लुगडी खोचत होत्या. सुलोचनाबाई जुड्या सोडत होती.

“बिहनासाठी नाई आलो,” तिनं मान वर न करता सांगितलं. “शालीकराम देते तेवढं देजो. सांजच्याले, हातावर. कालच्या अर्ध्या दिवसाचं बी.”

“देईन.”

“बाकीच्या नाई येत. पुन्हा नोको पाठवू बोलवाले.”

सात बायांनी रोवणं पूर्ण होणार नव्हतं. एक बांधी तरी पडीक राहणार होती, हे उर्वशीनं उभ्याउभ्याच हिशेबून टाकलं. पण एक बांधी पडीक राहणं आणि दोन एकर पडीक राहणं यांत फरक आहे. तिनं लुगडं खोचलं आणि खाली उतरून जुडी उचलली.

इंदरलालजी आधीच चिखलात होते. पहाटेपासून त्यांनी एकट्यानं एक ओळ लावली होती आणि ती नदीसारखी वळत धुऱ्याला जाऊन मिळाली होती.

“बाबूजी, बाहेर निघा,” सुलोचनाबाई म्हणाली. “तुमची ओर वाकडी चालली. आमाले उपटून लावा लागते मंग.”

म्हातारा निघाला. धुऱ्यावर चाचपून त्यानं एक पिशवी उचलली, पिल्लं निघतील पण माशी अडकेल अशा बारीक जाळीची, कृषी खात्याच्या माणसानं कधीकाळी वाटलेली. घरात तिच्यात लसूण ठेवत. त्यानं ती समोर धरली, पण सुलोचनाबाई जिथं नव्हती तिकडे. ती चिखलातून चालत येऊन पिशवीसमोर उभी राहिली.

“तुह्यी चूक नोती,” म्हातारा म्हणाला. “मी आळशी म्हनलं होतं.”

“हे बोरिंगवर बोला. इथं बेडकं ऐकून राहिले.”

“सांजच्याले ने माले. बोलतो.”

“अन् हे काय?”

“एकोनीस काड्या. एकाहीले भोक नाई, दोनदा पाहिलं. जाळीतच बांधजो. पंधराव्या दिवशी उतरवजो अन् जाळून टाकजो.”

सुलोचनाबाईनं पिशवी घेतली नाही. “एका झाडाचं बी नाई होत एवढ्यात.”

“एका फांदीचं होते.”

“अन् दिवाळीले?”

म्हाताऱ्यानं पिशवीचं तोंड बोटांनी आवळलं. त्याच्या बापानं घातलेली रीत होती. पन्नास दिवाळ्या त्यानं गठ्ठे घेतले होते आणि आणणाऱ्याच्या देखत बांधले होते. उर्वशी जुडी हातात धरून थांबली.

“दिवाळीले आनू नोको,” तो म्हणाला.

“रीत तुमचीच हाये, बाबूजी.”

“माहीच हाये. तू आनली तं मी बांधीन. दारात आलेल्याले नाई म्हनता येत नाई माले. म्हनून सांगतो, आनूच नोको.”

सुलोचनाबाईनं त्याच्या हातातून पिशवी घेतली, पदराच्या टोकात गाठ मारून कमरेला खोचली आणि ओळीत आपल्या जागी जाऊन वाकली.

“ये वं उर्वशी,” ती म्हणाली. “पऱ्हे कोमेजून राहिले.”